शिष्य घडतो कसा?

ख्रिस्ती मंडळींचे ‘शिष्य घडवणे’ म्हणजे माणसे बाटवणे, असा समज सर्रास आढळतो. बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी दीक्षा) हा एका दिवसाचा विधी आहे; शिष्यत्व म्हणजे ख्रिस्ताच्या शिकवणीप्रमाणे जगण्याचा रोजचा सराव. तालमीत नाव घातले म्हणून कोणी पैलवान होत नाही. जोर-बैठका रोज काढाव्या लागतात आणि दांडी मारली तर जोडीदार विचारतो. तसेच शिष्यत्वातही दोघे-तिघे एकत्र प्रार्थना करतात, ‘भावाशी अबोला सुटला का?’ असे एकमेकांना विचारतात. ही पाळत नव्हे, कारण विचारणाराही उत्तर देतो.

शिष्यत्व म्हणजे बाटवणे नव्हे, हे मराठी कवी नारायण वामन टिळकांच्या घरातही दिसते. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मात्र १९०० मध्ये. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात काढलेल्या ‘देवाचा दरबार’ या भक्तसंघात तर बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.