म्हातारपणीचे पडणे आणि तीन हजार रुपये

मागच्या पावसाळ्यात सत्तरीच्या एक आजीबाई रात्री न्हाणीत घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. मुलाने विचारले, "डॉक्टरसाहेब, न्हाणी नीट करायला सरकार पैसे देते काय?"

बांधकामाला नाही, साधनांना मात्र देते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, अशांसाठी एकदाच ३,००० रुपये आधारशी जोडलेल्या बँक खात्यात, अशी ही योजना. त्यातून कमोड खुर्ची, घडीचा वॉकर, काठी, चष्मा घेता येतो. गोंदियाच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. खरेदीची पावती जपावी. ती दाखवावी लागते.

बाकीचे घरीच करता येते. न्हाणीच्या भिंतीला धरायला लोखंडी पाइप गावचा वेल्डर बसवून देतो. शेवाळ घासून काढावे. खाटेपासून न्हाणीपर्यंत रात्री दिवा असावा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर उठल्यावर दोन मिनिटे खाटेवर बसून मगच पाऊल टाकावे.

त्या आजीबाईंच्या खाटेशेजारी आता कमोड खुर्ची आहे. पण ती आली हाड मोडल्यावर. वाचकहो, आपल्या घरी ती आधी यावी.