कणकुंबीचा उतार आणि दोन लाइनींचा सर्व्हर

माझं आजोळ कणकुंबी. खानापूर तालुक्यात, चोर्ला घाटाच्या वाटेवर. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, पूर्वेला जाते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. जवळच्याच कळसा नाल्याचं पाणी मात्र म्हादईतून पश्चिमेला, गोव्याकडे. लहानपणी आजोबा म्हणायचे, "थेंब कुठल्या उताराला पडला, त्यावर त्याचा समुद्र ठरतो, बाळा."

हे मला गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी आठवलं. मित्राच्या ओळखीतल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मीच लावून दिला होता. एक लाइन बंद पडली तर दुसरी असावी, म्हणून दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलेलं. पहिल्या लाइनवरून सगळं ठीक. दुसऱ्या लाइनच्या पत्त्यावर येणाऱ्या शाखा मात्र जोडल्याच जाईनात. सणासाठी पैसे काढायला लोक रांगेत उभे! मी दोन तास त्या इंटरनेट कंपनीलाच दोष देत होतो.

शेवटी टीसीपीडंप लावून पाहिलं. शाखेची विचारणा दुसऱ्या लाइनने आत येत होती, पण उत्तर पहिल्या लाइनने बाहेर पडत होतं. चूक माझीच होती. राउटिंग टेबल एरवी फक्त 'जायचं कुठे' एवढंच पाहतं. विचारणा कुठल्या दाराने आली, ते पाहत नाही. दोन्ही लाइनींना डीफॉल्ट गेटवे दिला, तरी कमी मेट्रिकवाला जिंकतो. सगळं पाणी त्याच उताराला! पहिल्या कंपनीने परका पत्ता पाहिला आणि ती पॅकेट टाकून दिली.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या लाइनसाठी वेगळं राउटिंग टेबल करायचं, त्यात तिचाच गेटवे डीफॉल्ट म्हणून ठेवायचा. मग 'आयपी रूल'ने सांगायचं: ज्या पॅकेटवर या लाइनचा पत्ता आहे, त्याने हे टेबल वाचावं. लिनक्समध्ये ही सोय १९९९ च्या २.२ कर्नलपासून आहे. नियम कायमच्या सेटिंगमध्येही लिहा, नाहीतर रीस्टार्टनंतर पुन्हा तोच गोंधळ.

दुपारी शाखा सुरू झाल्या, रांग हलली. मी संध्याकाळी कणकुंबीला पोचलो.

तिथे कळसाचं पाणी मलप्रभेकडे वळवायला कालवा खोदला आहे. त्यावरून कर्नाटक आणि गोव्याचा वाद आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादाचा निकाल आला, तरी तो मिटलेला नाही. सर्व्हरवरचा चुकलेला नियम मी एका ओळीत पुसला. नदीच्या बाबतीत तसं करता येत नाही.