दोन किल्ल्या

बँकेत असताना आमची स्ट्राँगरूम कधी एकट्याने उघडली नाही. एक किल्ली हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. त्यात कुणाला अपमान वाटत नसे. बालगृहात किंवा वृद्धाश्रमात मात्र असं काही सुचवलं, की विश्वस्तांचे चेहरे पडतात. ‘आमची माणसं देवमाणसं आहेत हो!’ असतीलही. पण रात्रभर तीस मुलांजवळ एकच माणूस? मी पाहिलेल्या एका बालगृहात तर तक्रारपेटीची किल्लीही अधीक्षकांच्याच जुडग्यात होती! मूल चिठ्ठी टाकणार कशी?

2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली, तरी पोलिसांना कळवावंच लागतं. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘संस्थेची बदनामी नको’ ही सबब तिथे चालत नाही.