थंडी तार हावरी असते

गुलमंडीजवळच्या एका गल्लीत मिक्सर-मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब अजून जपून ठेवलाय. तो उजेडासाठी नाही, सिरीज बोर्डासाठी. दुरुस्त केलेली वस्तू आधी या बल्बमधून लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भपकन पेटतो आणि फ्यूज वाचतो. एलईडी इथे कामाचा नाही.

दुकानातल्या चाचांनी असाच एक बल्ब मीटरवर मोजला. थंड असताना रेझिस्टन्स चाळिसेक ओहम. २३० व्होल्टवर पेटल्यावर तोच ५२९ होतो. स्विच नेमका लाटेच्या शिखरावर पडला, तर ३२५ व्होल्ट त्या थंड तारेवर येतात आणि क्षणभर आठ अँपिअर ओढले जातात. एरवी हा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. ‘थंडी तार हावरी असते,’ चाचा म्हणाले.

हा हावरेपणा आवरायला जुन्या कॉम्प्युटरच्या सप्लायमधली काळी चकती, म्हणजे एनटीसी, वापरतात. थंड असताना ती करंट अडवते, तापली की वाट देते. पण त्या चकत्या बहुधा पाच-दहा ओहमच्या. बल्बच्या चाळीसपुढे त्यांचं काय चालणार? जास्त ओहमची आणली तरी लाइटीने झपका मारला की पंचाईत. तार सेकंदा-दोन सेकंदांत निवते, चकतीला मिनिटभर लागतं. लाइट लगेच परतली तर चकती गरम, तार थंड, आणि धक्का पुन्हा पूर्ण.

म्हणून चाचांनी सिमेंटचा २७ ओहम, दहा वॅटचा रेझिस्टर बल्बच्या सिरीजमध्ये घातला. वायरची टोकं तासली, पीळ दिला, सोल्डर केलं, वर काचधाग्याची स्लीव्ह चढवली. प्लॅस्टिक टेप इथे वितळते.

मला मात्र या करामतीचं श्रेय जरा वाटून द्यावंसं वाटतं. बल्ब मुळात मरतो तो अडीच हजार अंशांच्या आसपास टंगस्टन उडत राहिल्याने. काचेवर आतून काळपट थर बसतो तो त्याचाच. तार एखाद्या जागी बारीक होते, तिथे जास्त तापते, म्हणून आणखी बारीक होते. स्विचचा धक्का बहुतेकदा आधीच झिजलेल्या तारेला शेवटचा दणका देतो. रेझिस्टरने आठाचे पाच अँपिअर केले हे खरं, पण खरी कमाई पेटल्यानंतरची आहे: बल्बला पाचेक टक्के व्होल्टेज कमी मिळतं. तेवढ्याने आयुष्य जवळपास दुप्पट होतं. उजेड मात्र सहावा हिस्सा घटतो आणि रेझिस्टर पाच वॅट नुसता तापण्यात घालवतो. घरात हा सौदा तोट्याचाच.

पण रेझिस्टर लावलेले हे बल्ब पैठण रोडच्या एका पोल्ट्रीसाठी होते. एक दिवसाच्या पिल्लांना ऊब देणारे बल्ब थर्मोस्टॅटवर सारखे चालू-बंद होतात. उजेड थोडा घटला तर पिल्लांचं काही अडत नाही. रेझिस्टर शेडमध्येच, भुशापासून लांब, पत्र्याच्या डबीत बसवायचा. म्हणजे ते पाच वॅटही उबेच्याच कामी येतात.