गालिचनिक : एका पर्वतग्रामाची वस्ती

भूगोलाच्या पुस्तकांत एखाद्या गांवाची उंची व लोकसंख्या हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं दिलेले असतात. आपण ते पाठ करितों. परंतु पहिल्याचा दुसऱ्याशीं संबंध काय, हें क्वचितच विचारतों. तो संबंध ज्या गांवीं फार स्पष्ट दिसतो, अशा एका गांवाची माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

युरोपच्या आग्नेय भागांतील बाल्कन द्वीपकल्पांत उत्तर मॅसिडोनिया हा लहानसा देश आहे. त्याच्या पश्चिम भागीं बिस्त्रा नांवाचा पर्वत असून त्याचें सर्वोच्च शिखर २,१६३ मीटर उंच आहे. ह्याच पर्वताच्या उतारावर, सुमारें १,४०० मीटर उंचीवर, गालिचनिक हें गांव वसलेलें आहे. नाट्यगृहांतील आसनांच्या ओळींप्रमाणें दगडी घरें एकावर एक चढत गेलेलीं दिसतात. पश्चिमेस खोल दरींतून रादिका नदी वाहते.

बिस्त्रा पर्वत चुनखडीच्या खडकाचा आहे. अशा खडकाच्या भेगांतून पाणी खालीं मुरून जातें आणि वर मातीचा थर पातळ राहतो. त्यांतच हिवाळा दीर्घ व बर्फाचा. तेव्हां तेथें धान्य पिकणें कठीण; गवत मात्र विपुल. म्हणून तेथील मियाक नांवाच्या लोकांनीं मेंढपाळी पत्करिली. उन्हाळ्यांत कळप डोंगरावर चरत आणि हिवाळा लागतांच दक्षिणेकडील सलोनिकाच्या मैदानांत उतरत. मेंढीच्या दुधापासून केलेलें ‘काचकावाल’ नांवाचें चीज हें गांवचें प्रसिद्ध उत्पन्न होय.

परंतु केवळ मेंढ्यांवर सर्वांचें पोट भरेना. म्हणून पुरुष गवंडीकाम, लांकडावरील कोरीवकाम इत्यादि कसब शिकून दूरदेशीं जात. ह्या परदेशगमनास ‘पेचालबा’ म्हणतात. तेथील भाषेंत कमाई व दुःख ह्या दोहोंचे वाचक शब्द एकाच मुळापासून निघालेले आहेत! जवळच्या बिगोर्स्की मठांतील सुप्रसिद्ध काष्ठशिल्प १८३० नंतरच्या कांहीं वर्षांत घडविणाऱ्या कारागिरांत ह्याच गांवचा माकारिये फ्रचकोव्स्की हा होता. तसेंच १८७५ सालीं बेलग्रेड येथें तीन भाषांचा कोश छापून प्रसिद्ध करणारा ग्योर्ग्यी पुलेव्स्की हाहि येथीलच.

वर्षाचा बहुतेक काळ गांवांत स्त्रिया, मुलें व वृद्ध एवढींच माणसें राहत. जुलैच्या १२ व्या तारखेस संत पीटरचा सण येई. त्या सुमारास पुरुष घरीं परतत, आणि गांवचीं सारीं लग्नें त्याच दिवसांत उरकलीं जात. ढोल आणि ‘झुर्ला’ हें आपल्या सनईच्या जातीचें वाद्य ह्यांच्या साथींत पुरुष ‘तेश्कोतो’ नांवाचा नाच करीत. ह्या नांवाचा अर्थ ‘अवघड’ असा आहे. नंतर पुनः निरोप!

विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या गांवची वस्ती सुमारें ३,००० होती. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनंतर नवी सरहद्द पडली. गांव सर्बियाकडे गेलें व सलोनिकाचें मैदान ग्रीसकडे. कळपांची हिवाळी वाट अडली. पुढें कमाईस गेलेले पुरुष कुटुंबासह शहरांतच राहूं लागले. २००२ सालच्या शिरगणतींत गालिचनिकचे रहिवासी भरले अवघे ३!

तरीहि गांव मेलें असें म्हणवत नाहीं. उन्हाळ्यांत अनेक घरांचीं दारें उघडतात, आणि जुलै महिन्यांत एका जोडप्याचें लग्न जुन्या रीतीनें तेथें लागतें. तें पाहण्यास हजारों लोक जमतात. शिरगणतीचा आंकडा खोटा नाहीं. पण तो गांवांत कोण राहतें एवढेंच सांगतो, गांवास आपलें कोण म्हणतें हें सांगत नाहीं. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं लोकसंख्येचा कोणताहि आंकडा वाचतांना तेथील जमीन कशी आहे आणि घरचीं माणसें कोठें गेलीं आहेत, हे दोन प्रश्न अवश्य विचारावे. म्हणजे भूगोल केवळ पाठांतराचा विषय राहणार नाहीं.