रात्री दहाच्या आतलं गाणं

गोव्यात म्हापसा, कुडचडे किंवा काणकोणच्या चावडीसारख्या गावांत एखाद्या रेस्टॉरंटच्या दारात पाटी दिसते: बुधवारी कराओके, गुरुवारी रेट्रो, शनिवारी लाइव्ह बँड, रविवारी दुपारी जेवणासोबत गाणी. पाटी वाचून वाटतं, मालक संगीताचा शौकीन दिसतोय. असतोही कधी कधी. आठवडा मात्र बसवला जातो घड्याळावर, आणि तोही उलटा, म्हणजे रात्रीच्या दहापासून मागे मोजत.

कारण २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. चारी बाजूंनी बंद सभागृहाला सवलत आहे. पण गोव्यातल्या रेस्टॉरंटची ऐट त्याच्या बाल्कावात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, अंगणात, माडाखालच्या टेबलांत असते, आणि अंगणाला ही सवलत मिळत नाही. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकतं. रोजच्या शनिवारला त्याचा उपयोग शून्य. दिवसासुद्धा ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. साध्या गप्पांचा आवाज एक मीटरवरून ६० डेसिबलच्या आसपास भरतो, यावरून हे आकडे किती तंग आहेत ते कळेल. पाळोळेच्या किनाऱ्यावर यावर उपाय निघाला तो हेडफोनचा: पाहुणे कानाला हेडफोन लावून नाचतात आणि बाहेरच्याला फक्त पायांचा आवाज येतो. चार टेबलांच्या रेस्टॉरंटला ते परवडत नाही, आणि हेडफोन लावून माशाचं कालवण कुणी खात नाही.

म्हणून संध्याकाळ साधारण अशी पडते. सहाला कलाकार सामान घेऊन हजर. साडेसातला पहिला सेट, चाळीसेक मिनिटांचा. मग ब्रेक. साडेआठच्या सुमारास दुसरा, पुन्हा ब्रेक, आणि तिसरा सेट दहाला पाच कमी असताना संपलेला. हे ब्रेक कलाकाराला पाणी प्यायला असतात असं आपण समजतो. खरं तर गाणं थांबलं की माणसं मान वळवून वेटरला शोधतात. सेट संपल्याबरोबर पाच टेबलांच्या ऑर्डरी एकदम स्वयंपाकघरावर आदळतात. म्हणून समजूतदार कॅप्टन शेवटच्या गाण्याआधीच टेबलांवरून फिरून येतो, आणि समजूतदार गायक त्याच्याकडे बघूनच शेवटचं गाणं घेतो.

गाण्यांचा क्रमही जेवणावर ठरतो. पहिल्या सेटला संथ गाणी, कारण लोक अजून मेनूकार्ड चाळत असतात. रोनाल्ड मिलिमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ मध्ये रेस्टॉरंटातल्या पार्श्वसंगीतावरचा अभ्यास छापला. संथ संगीत चालू असताना गिऱ्हाईक सरासरी ५६ मिनिटं बसलं, जलद संगीतात ४५. जेवणाच्या बिलात फारसा फरक पडला नाही. वाढलं ते दारूचं बिल. मालकाचं गणित यात आहे. तिकीट नाही, प्रवेशमूल्य नाही. कलाकाराचं ठरलेलं मानधन त्या जास्तीच्या एका राउंडमधून निघायला हवं. दहाला सगळं बंद होणार असल्याने तिसऱ्या सेटला मात्र नाचाची गाणी घ्यावी लागतात. कोंकणी, जलद, गोव्यातल्या लग्नांत ज्याला मसाला म्हणतात तसली.

आता आवाजाकडे येऊ, कारण बहुतेक आठवडे इथेच बिघडतात. गजबजाटात माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. एत्येन लोंबार्ड या फ्रेंच कान-नाक-घसातज्ज्ञाने हे १९११ मध्ये मांडलं, आणि त्याचं नाव या परिणामाला चिकटलं. रेस्टॉरंटात हा परिणाम डोळ्यांदेखत दिसतो. गायक थोडा मोठा झाला की टेबलं मोठी होतात. टेबलं मोठी झाल्यामुळे गायकाला स्वतःचं ऐकू येत नाही, तो मिक्सरवरची पट्टी वर सरकवतो, टेबलं आणखी ओरडतात. नऊ वाजेपर्यंत सगळेच ओरडत असतात आणि प्रत्येकाला वाटतं की दुसराच ओरडतोय. यातून सुटायचा मार्ग एकच, आणि तो कलाकाराच्या अहंकाराला झेपत नाही: आपणच आवाज खाली आणायचा. दोन गाण्यांत टेबलंही खाली येतात.

दुसरा उपाय स्पीकरच्या मांडणीचा. कोपऱ्यात एकच दांडगा स्पीकर ठेवला तर शेजारच्या टेबलाचे कान बसतात आणि लांबच्या टेबलाला शब्द कळत नाहीत, कारण मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. दोन-तीन लहान स्पीकर हळू वाजवत वाटून ठेवले की हा फरक कमी होतो. स्पीकर नेहमी गायकाच्या पुढे हवा. मागे राहिला तर त्याचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणि ती कान किटवणारी शिट्टी सुरू होते. संध्याकाळी सहाच्या रिकाम्या खोलीत केलेल्या साउंड चेकवर फार विसंबू नये. लाद्या आणि भिंती आवाज परतवतात, माणसं आणि त्यांचे कपडे तो शोषतात. भरलेल्या खोलीत तेच गाणं मंद, कोरडं वाटतं. आणि शेजारी तक्रार करतो ती बहुधा गाण्याबद्दल नसते, बासबद्दल असते. खालचे सूर भिंतीला जुमानत नाहीत. म्हणून गावातल्या रेस्टॉरंटात ड्रमसेटऐवजी काहोन, ती वर बसून वाजवायची लाकडी पेटी, बरी पडते.

वारांची वाटणी आता सरळ आहे. सोमवार बहुतेक ठिकाणी सुटीचा. मंगळवारी एखादा गिटारवाला, नाहीतर काहीच नाही. बुधवारच्या कराओकेला कलाकाराचा खर्च फारसा नाही, गाणाऱ्याचे चार मित्र मात्र हमखास येतात. शुक्रवारी म्हापशात बाजार असतो. आलेलं माणूस संध्याकाळी घराकडे वळतं, म्हणून तिथे शुक्रवारची रात्र वाटते तितकी भरत नाही. शनिवारी बँड. माझ्या मते सर्वांत चांगली वेळ रविवार दुपारची. मिस्सा आटोपून आलेली कुटुंबं असतात, दहाचा काटा डोक्यावर नसतो, आणि सत्तरीचं जोडपं वॉल्ट्झला उठतं तेव्हा त्यांना जागा देण्यासाठी खुर्च्या आपोआप सरकतात.

वाजवणारे गोव्यात मिळतात, याला मोठा इतिहास आहे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलं स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकली. त्यांतले कितीतरी पुढे मुंबईला गेले. रात्री हॉटेलांत आणि चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत जॅझ वाजवायचे, दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत बसायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. ते संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात आलेलं नाव त्यांचंच.

तेव्हा पाच-सहाजणांचा बँड असे. आज दोघांत भागतं, कारण कीबोर्डच ड्रम आणि बास पुरवतो, आणि बाकीचं मायनस ट्रॅक, म्हणजे गायकाचा आवाज वगळलेलं तयार संगीत. पेनड्राइव्ह लावला की झालं. मला हा प्रकार आवडत नाही. नाचणारे दमले म्हणून ट्रॅक लय सोडत नाही. फर्माईश करणाऱ्या काकांचा सूर दोन पट्ट्या खाली असला तर कीबोर्डवाला बटण दाबून सांभाळून घेतो, पेनड्राइव्ह त्यांना उघडं पाडतो. पण लग्नसराईत बदली कलाकार उभा करायचा तर ट्रॅकशिवाय गत्यंतर नसतं. लग्नाचं मानधन रेस्टॉरंटच्या कितीतरी पट, त्यामुळे डिसेंबरअखेरीस आणि मे महिन्यात शनिवारचा गायक दुपारी फोन करतो आणि मालक काय ते समजतो. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात उलटं होतं. कॅथलिक घरांत लग्नं जवळपास नसतात, कलाकार मोकळे असतात, पण गिऱ्हाइकालाच नाचगाणं नको असतं. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅक उतरवले जातात, तेव्हा तिथले वाजवणारे गावाकडे काम शोधतात. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की मात्र कोणताही मिक्सर हात टेकतो.

कागदपत्रांत एक गोष्ट नवे मालक विसरतात. दुसऱ्याचं गाणं जाहीरपणे गायचं तर गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाना देणारी संस्था आहे, आयपीआरएस. ब्रेकमध्ये मोबाइलवरून लावलेल्या ध्वनिमुद्रित गाण्यांत ध्वनिमुद्रणाचा हक्कही वेगळा येतो, आणि त्याचा परवाना निराळ्या दारात मागावा लागतो. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, त्यामुळे मांडो आणि दुल्पदं ही जुनी पारंपरिक कोंकणी गाणी मोकळी आहेत, तर रेट्रो नाइटमधली बहुतेक गाणी नाहीत.

ज्याला हे सगळं नव्याने सुरू करायचंय त्याने शनिवारच्या बँडला हात घालू नये. रविवारी दुपारी एक गिटारवाला बसवावा, दोन लहान स्पीकर ठेवावेत, आणि पहिलं गाणं सुरू झाल्यावर स्वतः बाहेर पडून शेजाऱ्याच्या फाटकाशी उभं राहावं. तिथे शब्द कळत असतील तर आवाज जास्त आहे. मग आत येऊन सर्वांत लांबच्या टेबलावर बसून बघावं, समोरच्याशी आवाज न चढवता बोलता येतंय का. हे दोन्ही जमलं की मग गुरुवारचा विचार करावा.