सीएची सराव परीक्षा : चूक आधीच सापडावी म्हणून

सुरतच्या रिंग रोडवरील कापडबाजार असो वा वराछा-कतारगाममधील हिऱ्यांचे कारखाने, तेथील उलाढाल अखेर हिशेबाच्या वहीत उतरते. अशा शहरात सनदी लेखापाल, म्हणजेच सीए, होण्याची ओढ असावी यात नवल नाही. सुरत आणि गोवा या दोन्ही ठिकाणच्या शाखा चार्टर्ड अकाउंटंट्स संस्थेच्या एकाच पश्चिम विभागीय परिषदेत मोडतात. परीक्षा अखिल भारतीय असल्याने सुरतच्या परीक्षार्थीपुढे येणारी प्रश्नपत्रिका पणजीतील परीक्षार्थीपुढेही येते. सरावाचे साहित्यही दोघांना सारखेच उपलब्ध असते. फरक पडतो तो त्याच्या वापराने.

संस्थेचे अभ्यास मंडळ परीक्षेपूर्वी सराव प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करते आणि मागाहून त्यांची उत्तरेही देते. मागील परीक्षांची 'सुचविलेली उत्तरे' असतात ती वेगळीच. हे सारे विनामूल्य आहे. तरीही अनेक विद्यार्थी प्रश्न वाचतात, उत्तर वाचतात, 'हे येते' असे म्हणून पान उलटतात. हा सराव नव्हे. ते केवळ आणखी एक वाचन झाले.

वाचनाचा हा भ्रम संशोधनातही दिसून आला आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एकच उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर स्मरत होता. गंमत अशी की, आपल्याला अधिक आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

सीए परीक्षेत ही खात्री महागात पडते, कारण उत्तीर्णतेचा नियम दुहेरी आहे. प्रत्येक विषयात किमान ४० गुण हवेत आणि एकूण ५० टक्केही हवेत. एका ग्रुपच्या तिन्ही विषयांत ४५ गुण मिळविणारा कोठेही नापास नसतो. तरी बेरीज १३५ होते आणि ग्रुप हातचा जातो. याउलट ४०, ४० आणि ७० मिळविणारा १५० गुणांवर तरतो. आपला भक्कम विषय कोणता आणि काठावरचा कोणता, हे वेळ लावून सोडविलेल्या प्रश्नपत्रिकेवाचून कळणे कठीण.

वेळेचा हिशेबही तितकाच कठोर आहे. इंटरमिजिएट आणि फायनलच्या बहुतेक विषयांत १०० गुणांसाठी तीन तास, म्हणजे एका गुणाला दोन मिनिटांहूनही कमी वेळ मिळतो. १४ गुणांच्या प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम २५ मिनिटे येतात. ताळेबंद जुळत नाही म्हणून त्यावर ४० मिनिटे घालविणारा विद्यार्थी पुढचा येणारा प्रश्न सोडून उठतो. अडलेला प्रश्न सोडून पुढे जाण्याची सवय घरी लावावी लागते. फाउंडेशनच्या दोन वस्तुनिष्ठ विषयांत चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. तेथे अंदाज किती करावा, हेही सरावातच उमगते.

ही परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत द्यावी लागते. त्यामुळे सुरतला स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबातील मुलगा असो वा डिचोलीची मुलगी, मराठीत विचार करणाऱ्यास लेखनाचा सराव अधिकच हवा. कायद्याचे कलम समजणे निराळे; तरतूद, दिलेली परिस्थिती आणि निष्कर्ष या क्रमाने ते परभाषेत मांडणे निराळे.

उत्तरपत्रिका तपासून झाली की गुणांपेक्षा चुकांकडे पाहावे. संकल्पनाच कळली नव्हती, आकडेमोड घसरली, की प्रश्न नीट वाचला नाही? तिन्हींचे उपाय भिन्न आहेत. यांची नोंद एका वहीत ठेवावी आणि पुढील प्रश्नपत्रिका हाती घेण्यापूर्वी चुकलेले प्रश्न उत्तर न पाहता पुन्हा सोडवावेत.